आंब्रे चाखायला शिकताना: उत्तर फ्रान्समधल्या टिपणवहीतून

लीलला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मी एका चाखणी-गटात जायला लागले. आठ-दहा माणसं, एक लांब टेबल, मधोमध पाव आणि पाण्याचे जग. समोर आंब्रे, म्हणजे तांबूस बिअर, आली की मंडळी भराभर बोलायची: चेस्टनट, हेझलनट, मसाल्याचा केक, प्लमचा जॅम. मी गप्प. बिअर आवडत होती, पण यातला एकही वास माझ्या ओळखीचा नव्हता. दोन महिने मी शेजारच्या कागदावरचे शब्द उतरवून घेतले. मग एका संध्याकाळी ग्लासातून असा काही वास आला की न राहवून मी मराठीतच म्हणाले, "काकवी!" गट चालवणाऱ्या बाईंनी विचारलं, म्हणजे काय? उसाचा रस आटवताना गूळ व्हायच्या आधी जे दाट, काळसर होतं ते, असं जमेल तसं सांगितलं. त्यांनी पुन्हा ग्लास नाकाशी नेला, मान डोलावली आणि स्वतःच्या वहीत काकवी हा शब्द लिहून घेतला.

मला चाखता यायला लागलं ते त्या दिवसापासून. नव्याने फ्रान्सला आलेल्या, शिकायला किंवा नोकरीला आलेल्या आणि बिअरच्या दुकानात 'आंब्रे' लिहिलेल्या फळीसमोर गोंधळून उभ्या राहिलेल्या मराठी माणसासाठी हे लिहिते आहे. ज्याची चव आपण लहानपणापासून घेत आलो, त्याच शब्दांत चाखायला सुरुवात करा. फ्रेंच शब्द मागाहून येतात.

आधी जमवायचं साहित्य

- एकाच बिअरच्या दोन बाटल्या. एक आत्ता उघडायला, एक ठेवायला. कारण शेवटी सांगते.
- तोंडाशी निमुळता होणारा, पोट असलेला काचेचा ग्लास. ट्यूलिप ग्लास उत्तम, वाइनचा साधा ग्लासही चालतो.
- पांढरा कोरा कागद.
- वही आणि पेन. फोनवर लिहू नका, स्क्रीनकडे पाहिलं की नाकावरचं लक्ष उडतं.
- साधं पाणी आणि बागेत या लांब फ्रेंच पावाचा तुकडा, लोणी न लावता.
- स्वयंपाकघरातला छोटा थर्मामीटर, असला तर.
- शक्यतो एक सोबती.

सोबती केवळ गप्पांसाठी नको. ७५ सेंटिलिटरच्या बाटलीत ७.५ टक्के अल्कोहोल असेल तर त्यात साधारण ४४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. फ्रान्समध्ये एक माप म्हणजे १० ग्रॅम धरतात, म्हणजे ती एक बाटली चार मापांहून जास्त झाली. चाखायला माणशी शंभर मिलिलिटर पुरतं. आणि त्या संध्याकाळी गाडीला हात लावू नका: रक्तात लिटरमागे ०.५ ग्रॅम ही इथली मर्यादा आहे, नव्या परवानाधारकाला तर ०.२ ग्रॅम.

१. कोणती आंब्रे, ते आधी ठरवा

सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो. आंब्रे हा शब्द फक्त रंग सांगतो. त्या एका नावाखाली निदान तीन-चार वेगळ्या घराण्यांच्या बिअर एकाच फळीवर उभ्या असतात.

उत्तरेची, बेल्जियमच्या सीमेलगतची परंपरा ब्येर द गार्दची. गार्द म्हणजे साठवण. शेतावरच्या छोट्या ब्रुअरी थंडीत बिअर बनवून तळघरात मुरत ठेवायच्या आणि उन्हाळ्यात काढायच्या. आज हे नाव लावायचं तर फ्रेंच नियमानुसार निदान २१ दिवस मुरवावं लागतं. व्हालाँसिएनजवळच्या झाँलॅं गावात द्युक कुटुंबाची ब्रुअरी १९२२ पासून आहे. त्यांनी १९५० च्या सुमारास शॅम्पेनच्या बाटल्यांत, बूच आणि तार लावून बिअर भरायला सुरुवात केली आणि तीच पुढे या परंपरेची ओळख झाली. त्यांची आंब्रे ७.५ टक्क्यांची. डंकर्कच्या बाजूला एस्केलबेकमध्ये १९९६ साली सुरू झालेली तिरिए ही नव्या पिढीतली छोटी ब्रुअरी, तिचीही आंब्रे मिळते.

ब्रिटनीत मात्र वारा इंग्लंडकडून येतो. १९८५ मध्ये मॉर्लेला सुरू झालेल्या कोरेफची आंब्रे एल या पारंपरिक ब्रिटिश बिअरच्या वळणाची, ५ टक्क्यांची, हलकी. कॉर्सिकाची पिएत्रा १९९६ पासूनची, तिच्यात माल्टबरोबर, म्हणजे मोड आणून भाजलेल्या जवाबरोबर, चेस्टनटचं पीठ असतं. आणि हल्लीच्या तरुण ब्रुअरी अमेरिकन वळणाची आंब्रेही करतात, तिच्यात हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांचा, संत्र्याच्या सालीसारखा वास पुढे असतो.

कोरेफ चाखून "ही झाँलॅंसारखी भरदार नाही" असं म्हणणं म्हणजे पिठल्याला "हे पुरण नाही" म्हणण्यासारखं आहे. दुकानदाराला सरळ विचारा: ही गार्द आहे, इंग्लिश वळणाची की अमेरिकन? चांगला दुकानदार खूश होऊन सांगतो. पहिल्यांदा चाखणार असाल तर मी उत्तरेची गार्द घ्यायला सांगेन, कारण माल्ट म्हणजे काय ते तिच्यात सगळ्यात स्पष्ट कळतं. इथून पुढचं सगळं तिला धरूनच लिहिलं आहे.

२. लेबल वाचा, उन्हातली बाटली घेऊ नका

लेबलवर तीन गोष्टी शोधा. 'नों फिल्त्रे' म्हणजे न गाळलेली. 'सुर ली' म्हणजे यीस्टच्या साक्यावर ठेवलेली. 'रफेर्मांते आं बुतेय' म्हणजे बाटलीत पुन्हा आंबवलेली. यातलं काहीही असेल तर तळाशी साका असणार, आणि तो दोष नव्हे.

मग तारीख बघा. ताजेपणाचा तो एकच पुरावा हाताशी असतो.

दुकानाच्या काचेच्या खिडकीत उन्हात सजवून ठेवलेली बाटली कधीही घेऊ नका. मी एकदा घेतली होती, तिचं लेबल फार सुंदर होतं. झाकण उघडताच उग्र, डोक्यात जाणारा वास आला, जळक्या रबरासारखा. हॉप्समधल्या कडू द्रव्यावर प्रकाश पडला की हा वास तयार होतो, कडक उन्हात तर काही मिनिटंही पुरतात. तपकिरी काच बरंच वाचवते, हिरवी कमी, रंगहीन अजिबात नाही.

३. घरी आणल्यावर

बाटली उभी ठेवा, निदान एक दिवस, म्हणजे साका खाली बसेल. आडवी ठेवू नका.

फ्रिज साधारण ४ अंशांवर असतो. तिथून काढून लगेच ओतलीत तर जीभ बधिर होते आणि वास ग्लासातून वर येतच नाही. आंब्रेला ८ ते १२ अंश हवेत. छोटी बाटली चाखण्याआधी वीस-पंचवीस मिनिटं बाहेर काढा, मोठीला त्याहून जास्त वेळ द्या. भारतात बिअर म्हटलं की चिल्ड ही सवय अंगात भिनलेली असते, ती इथे मुद्दाम मोडावी लागते.

खोलीचंही बघा. उदबत्ती नको, अत्तर नको, आणि फोडणी तर मुळीच नको. हिंग-मोहरीचा वास घरात तासभर रेंगाळतो आणि त्याच्यापुढे कुठल्याही बिअरचं काही चालत नाही. आधीच्या तासाभरात कॉफी, पुदिन्याची टूथपेस्ट, लोणचं टाळा.

४. ग्लास आणि ओतणं

ग्लास धुवा, साबणाचा अंश राहणार नाही असा भरपूर पाण्याने खळखळून विसळा आणि उलटा ठेवून निथळू द्या. फडक्याने पुसू नका, फडक्याचा वास आणि धागे ग्लासाला लागतात. बिअर ओतल्यावर काचेच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसलेले दिसले, तर समजा ग्लास स्वच्छ नाही. अशा ग्लासातला फेस बघून बिअरला नावं ठेवू नका.

बुचाची बाटली असेल तर तोंड माणसांपासून दूर करा आणि तार सोडताना अंगठा बुचावर ठेवा. ग्लास तिरका धरून ओतायला सुरुवात करा, अर्ध्यावर आल्यावर सरळ करा. दोन बोटं फेस यायला हवा. तळाचा शेवटचा इंचभर भाग बाटलीतच राहू द्या.

५. आधी बघा

ग्लासामागे पांढरा कागद धरा आणि दिवसाच्या उजेडात बघा. संध्याकाळच्या पिवळ्या दिव्याखाली ब्लाँड, म्हणजे फिकट सोनेरी बिअरसुद्धा आंब्रे दिसते. रंगाला शब्द द्या: मध, पितळ, तांब्याचा घासलेला लोटा, कोऱ्या चहासारखा. झाँलॅंची आंब्रे मला दर वेळी घासलेल्या तांब्यासारखी दिसते, कडेला थोडी केशरी झाक. फेस पांढराशुभ्र नसून दुधाच्या सायीसारखा. थोडी धूसर असेल तर हरकत नाही.

यावर दोन मिनिटांपेक्षा जास्त घालवू नका, कारण रंगावरून चव ओळखता येत नाही. मूठभर काळा माल्ट टाकूनही हा रंग आणता येतो.

६. नाक: इथे थांबा

ओतल्याबरोबर पहिल्या दहा सेकंदांत दोन-तीन छोटे हुंगे घ्या. काही वास इतके हलके असतात की ते लगेच उडून जातात. मग ग्लास हळू फिरवा, वर तळहात झाका, दहा सेकंदांनी काढा आणि पुन्हा हुंगा. एक लांब श्वास घेण्यापेक्षा कुत्र्यासारखे छोटे छोटे हुंगे जास्त सांगतात.

आता माल्टबद्दल थोडं. जव भिजवायचे, मोड आणायचे, वाळवायचे आणि भट्टीत भाजायचे. किती आणि कसे भाजले यावर सगळा खेळ. ज्या घरात भाजणी होते त्या घरातल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. कढईत ज्वारी-बाजरी पडते, आधी नुसता कोमट धान्याचा वास, मग रंग बदलतो आणि घरभर खमंग सुटतं, आणखी थोडं गेलं की खरपूस, आणि लक्ष चुकलं की करपट. खमंग, खरपूस, करपट: या तीन शब्दांवर मी चार वर्षं आंब्रे चाखते आहे. फ्रेंच मित्रांना त्यासाठी प्रत्येक वेळी पावाची, बिस्किटाची, टोस्टची उदाहरणं द्यावी लागतात.

हलका भाजलेला माल्ट खमंग, ताज्या पावाच्या गाभ्यासारखा. त्याहून जरा पुढचा खरपूस, पावाच्या सालीसारखा. कॅरॅमल माल्ट वेगळा: तो ओला असतानाच गरम करतात, दाण्याच्या आतच साखर तयार होते आणि मग भाजताना ती कडक होते. काकवी, चिक्की, मनुका, खजूर हे वास तिथून येतात. चांगल्या आंब्रेत खमंग आणि खरपूस यांच्या मधली जागा पकडलेली असते, आणि मागे काकवीचा एक पदर. करपट वास आला तर लिहून ठेवा, तो इथला नव्हे.

हॉप्स या घराण्यात मागे असतात. ओल्या गवताचा, सुक्या पाल्याचा हलका वास मिळाला तर पुरे.

हात बसायला एक उपाय करा. घरी बिअर बनवण्याचं सामान विकणाऱ्या दुकानातून तीन प्रकारचा माल्ट थोडा थोडा घ्या आणि शेंगदाण्यांसारखा चावून खा. दहा पुस्तकं वाचून जे कळणार नाही ते तीन घासांत कळतं.

७. तोंड

पहिला घोट मोजू नका. तो फक्त तोंड तयार करतो. दुसरा घोट जिभेभर फिरू द्या. गोड फक्त जिभेच्या टोकाला आणि कडू फक्त मागे कळतं, हे शाळेत शिकलेलं चूक आहे, सगळ्या चवी जवळपास सगळीकडे कळतात.

मग हा प्रयोग करा. नाक दाबून घोट घ्या. फक्त गोडसर, कडसर आणि जिभेला चावणारा वायू जाणवेल, बाकी काही नाही. घोट गिळा आणि नाक सोडून श्वास बाहेर टाका. पावाची साल, काकवी, मनुका एकदम उमटतात. ज्याला आपण चव म्हणतो त्यातलं बरंचसं घशामागून नाकात जाणारा वास असतो, हे मला त्या टेबलावर पहिल्यांदा उमगलं आणि मी चारदा नाक दाबून बघितलं.

आता आंब्रेचा खरा कस. माल्टचा वास गोड भासतो, म्हणून नवा माणूस लिहितो: गोड बिअर. तसं लिहायच्या आधी गिळून दहा सेकंद थांबा. ओठांना, टाळ्याला चिकटपणा राहिला का? जिलबी खाल्ल्यावर राहतो तसा? मग ती खरंच गोड आहे. की तोंड कोरडं, स्वच्छ झालं आणि पुन्हा घोट घ्यावासा वाटला? उत्तरेच्या गार्दचं वैशिष्ट्य हेच: सुरुवात भरदार, शेवट कोरडा. बऱ्याच ब्रुअरी त्यासाठी थोडी साखर घालतात. ती यीस्ट जवळजवळ सगळी खाऊन टाकतं, त्यामुळे बिअर गोड न होता उलट हलकी होते. नव्या छोट्या ब्रुअरींची आंब्रे मला बहुतेक वेळा इथेच कमी पडताना दिसते, माल्ट छान असतो आणि शेवट चिकट.

अल्कोहोल छातीत ऊब म्हणून जाणवावं, घशात जाळ म्हणून नाही.

एवढं झाल्यावर वीस मिनिटं थांबा आणि त्याच ग्लासातली उरलेली बिअर पुन्हा चाखा. ती गरम होत जाते तशी उलगडते. शेवटी बाटलीतला साका हलवून वेगळ्या ग्लासात ओता: दाट, पावाच्या आंबवलेल्या पिठासारखा, किंचित कडू. काहींना तोच आवडतो.

८. बिघडलेली कशी ओळखायची

- भिजलेला पुठ्ठा, जुनं वर्तमानपत्र: हवा लागून शिळी झालेली.
- लोणी, बटरस्कॉच: आंबवणं नीट पुरं झालेलं नाही, किंवा जंतूंचा शिरकाव झाला आहे.
- उकडलेल्या मक्याचं कणीस: उकळण्यात किंवा थंड करण्यात कसूर.
- कच्चं हिरवं सफरचंद: घाईत बाटलीत भरलेली.
- डेटॉल, दवाखान्यातली पट्टी: क्लोरीनच्या पाण्याचा किंवा जंतूंचा प्रसाद.
- आंबट ताक, व्हिनेगर: जंतूंची लागण.

एक सापळा खास सांगते. जुन्या वर्णनांत ब्येर द गार्दला 'तळघराचा, बुरशीचा, ओलसर वास' असतो असं कौतुकाने लिहिलेलं सापडेल. बिअर परीक्षकांच्या बीजेसीपी या संस्थेच्या निकषांत स्पष्ट म्हटलं आहे की हा वास दूरदेशी जाऊन खराब झालेल्या बाटल्यांचा आहे, ताज्या अस्सल बिअरचा नाही. इथे गावात जाऊन ताजी पिऊन बघितल्यावर माझीही खात्री पटली. बुरशीचा वास आला तर त्याला परंपरा समजू नका, बाटली परत न्या.

९. गुण द्या, पण आवड वेगळी लिहा

बीजेसीपीचा ५० गुणांचा तक्ता सोपा आहे: वास १२, रूप ३, चव २०, तोंडातला स्पर्श ५, एकूण ठसा १०. बघा, रूपाला फक्त तीन. ३८ किंवा त्याहून जास्त गुण मिळालेली बिअर उत्कृष्ट धरतात. याच निकषांत गार्दसाठी अल्कोहोल ६ ते ८.५ टक्के आणि कडूपणा बेताचा, १८ ते २८ एककं, असा पट्टा दिला आहे.

वहीच्या डाव्या पानावर काय जाणवलं ते, आणि उजव्या पानावर आवडली की नाही ते. दोन्ही एकत्र लिहिलंत की आवडलेल्या बिअरचे दोष दिसेनासे होतात. सोबतीबरोबर असाल तर दोघांचं लिहून होईपर्यंत बोलू नका. एकाने 'मनुका' म्हटलं की दुसऱ्यालाही मनुकाच लागतात.

सवय झाल्यावर स्वतःची परीक्षा घ्या. सोबत्याला तीन ग्लासांत बिअर ओतायला सांगा, दोनांत एक आणि तिसऱ्यात दुसरी आंब्रे, तुम्हाला न दाखवता. वेगळा ग्लास ओळखा. नुसत्या अंदाजाने तीनात एकदा बरोबर येतंच, म्हणून चार-पाच वेळा करा.

१०. सोबत काय खावं

गावकरी मारवाल चीजचा टार्ट किंवा बिअरमध्ये तासन् तास शिजवलेलं गोमांस, म्हणजे कार्बोनाद, यांच्याबरोबर आंब्रे घेतात. मांस नको असेल तर जुनं, कडक मिमोलेट चीज बघा, त्याचा खारट-खमंगपणा माल्टला बिलगतो. माझ्या घरी मात्र थालीपीठ होतं, लोण्याचा गोळा आणि वर काही नाही. दोन भाजण्या समोरासमोर येतात. ठेचा त्या दिवशी बाजूला ठेवा. बिअरमधला वायू आणि अल्कोहोल तिखटाची आग वाढवतात, आणि मग बाकीचं काही लागत नाही.

११. दुसरी बाटली

ती अंधाऱ्या, थंड जागी उभी ठेवा, गळ्याला तारखेची चिठ्ठी बांधा आणि सहा महिन्यांनी उघडा, डावं पान न वाचता. ७ टक्क्यांपुढची, साक्यावरची आंब्रे या काळात बदलते: हॉप्स मावळतात, मनुका आणि खजूर पुढे येतात, कधी पुठ्ठाही येतो. हलकी, ५ टक्क्यांची आंब्रे मात्र ठेवू नका, ती ताजीच प्या.

घरी न्यायची असेल तर भारतात माणशी दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना नेता येतं. म्हणजे ७५ सेंटिलिटरच्या दोन बाटल्या, तिसरी नाही. निघण्याआधी नियम पुन्हा बघून घ्या. चेक-इन सामानात, प्रत्येक बाटली प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, लोकरी मोज्यांत गुंडाळून, बॅगेच्या मधोमध ठेवा. पोचल्यावर दोन दिवस उभी राहू द्या. प्रवासात साका ढवळलेला असतो.